अण्णांची केमो, निफाडची थंडी आणि "मला काय त्रास नाही" – स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये साइड इफेक्ट कसे सांभाळता?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६३, निफाडजवळ द्राक्षाचा प्लॉट. दिवाळीच्या आधी डोळे पिवळे झाले, अंगाला खाज, लघवी कोऱ्या चहासारखी. गावात सगळ्यांनी कावीळ ठरवून टाकली, दोन आठवडे झाडपाला आणि उसाचा रस यात गेले. मग सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आणि लिव्हरवर ठिपके, म्हणजे स्टेज ४. पित्तनळीत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकला, कावीळ उतरली. मुंबईला टाटात दाखवून आलो, ते म्हणाले हीच केमो नाशिकला घ्या, दर वेळी कसारा घाट चढउतर कशाला. मॉडिफाइड फॉलफिरिनॉक्स नावाची केमो चालू आहे, दर १४ दिवसांनी. एक दिवस डे केअरला सलाईन आणि मग कमरेला बाटलीसारखा पंप अडकवून ४६ तास घरी. ते तीन दिवस आमच्याकडे इंदिरानगरला असतात, पंप निघाला की लगेच "मला गावी सोड". तीन केमो झाल्या, चौथी येत्या गुरुवारी.

आता त्रास. दुसऱ्या केमोनंतर गावी गेले आणि पहाटे साडेचारला उठून प्लॉटवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निफाडला थंडी पडली की मणी तडकतात, म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी देतात. तर यांनी पाण्याचा लोखंडी कॉक धरला आणि हाताला सणसणीत झटका. यांना वाटलं मोटारीच्या बॉडीला करंट येतोय. सकाळी सातला वायरमनला बोलावून घेतलं, तो बिचारा टेस्टर लावून लावून दमला, करंट कुठेच नाही. त्याला वर शिव्या. दोन दिवसांनी पाण्याचा तांब्या हातातून पडला तेव्हा आई मला फोनवर म्हणाली की अगं ह्यांच्या हातालाच काहीतरी होतंय.

आणि खरा प्रॉब्लेम हा की ते सांगतच नाहीत. तिसऱ्या केमोच्या आधी डॉक्टरांनी विचारलं काका कसं काय, तर "एकदम ओके, काय त्रास नाही". आणि आदल्या आठवड्यात एका दिवसात नऊ वेळा जुलाब झालेले! मला कळलं कधी तर केबिनबाहेर आल्यावर, आईकडून. विचारलं का नाही सांगितलं तर म्हणे सांगितलं की औषध कमी करतील, मग बंद करतील. वजन ६८ चं ५७ झालंय. तोंडाला चव नाही. मी काय काय बघायला हवं, काय घरी करू आणि कशासाठी पळत जाऊ, कोणी अनुभवी असेल तर लिहा प्लीज.

---

गोदाकाठी

वायरमनचं वाचून हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. आमच्या हिला हेच झालं होतं, तिला मिक्सरचा शॉक बसला असं वाटलेलं.

हे ऑक्सॅलीप्लॅटिनचं काम. फॉलफिरिनॉक्समध्ये जी चार औषधं असतात त्यातलं एक. नसा थंडीला इतक्या हुळहुळ्या होतात की गार वस्तू धरली तरी करंट बसल्यासारखं होतं. केमोच्या दिवसापासून साधारण चारपाच दिवस जास्त, मग उतरतं, पुढच्या केमोला परत. आम्ही काय केलं, फ्रीज उघडायचं काम माझं, तिने हातच लावायचा नाही. पिण्याचं पाणी कोमट, थर्मासमध्ये. स्टीलचा पेला बंद, चिनी मातीचा कप. भाजी धुणं बंद. सकाळी तोंड धुवायला गरम पाणी. बाहेर पडताना नाकातोंडावर स्कार्फ, कारण गार हवा आत गेली की घसा आवळल्यासारखा होतो आणि माणूस घाबरतो की श्वासच बंद झाला. तेव्हा कोमट पाण्याचा घोट, शांत बसवायचं, पाचदहा मिनिटांत सुटतं. पण खरंच धाप लागली, ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं तर ती ॲलर्जी, तेव्हा घोट पाजत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. आणि एक गंमत म्हणजे पहिला घास चावताना जबड्यात कळ येते, दुसऱ्या घासाला नसते. कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही डेंटिस्टकडे जाऊन आलो 😀

आता महत्त्वाचं. गार लागल्यावर मुंग्या येणं वेगळं आणि दोन केमोंच्या मधल्या काळातही बधिरपणा राहणं वेगळं. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून कधी निसटली कळत नाही, असं व्हायला लागलं तर ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. हा बधिरपणा साठत जातो आणि औषध थांबवल्यावरसुद्धा काही महिने वाढू शकतो. हिने लपवलं. आज दोन वर्षं झाली ती जाऊन, पण शेवटचे चार महिने तिला पोळी मोडता येत नव्हती, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

---

रात्रपाळीवाली

मी नाशिकमध्येच केमो डे केअरला सिस्टर आहे, अकरा वर्षं झाली. नाव गाव विचारू नका. अण्णांसारखे "एकदम ओके" म्हणणारे पेशंट रोज चार तरी असतात, आणि त्यातले तीन शेतकरी असतात हे माझं निरीक्षण.

ताई, जुलाब सगळे एक नसतात. त्यात इरिनोटेकान म्हणून औषध आहे. ते चालू असतानाच किंवा पहिल्या २४ तासांत घाम, डोळ्यातोंडाला पाणी, पोटात मुरडा आणि जुलाब असं एकदम आलं तर ते वेगळं, त्याला आम्ही ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतो, पटकन थांबतं. म्हणून सलाईन चालू असताना घाम फुटला तरी सिस्टरला हाक मारायची, लाजायचं नाही. दुसरा प्रकार २४ तासांनंतर, बऱ्याचदा घरी गेल्यावर, तो धोक्याचा. त्याला लोपेरामाईड. रीत अशी की पहिल्या पातळ संडासला २ गोळ्या, मग दर २ तासांनी १, शेवटच्या जुलाबानंतर १२ तास कोरडे जाईपर्यंत. पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा हे जास्त असतं म्हणून मेडिकलवाला घाबरवतो. तुमच्या डॉक्टरांकडून हे आधीच कागदावर लिहून घ्या, माझ्या भरवशावर देऊ नका. ताप असेल किंवा संडासमध्ये रक्त असेल तर गोळी न देता फोन. २४ तासांत थांबलं नाही तरी फोन, कारण शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम गेलं की किडनीवर येतं. ओआरएस घोटघोट. ५७ किलोच्या माणसाला नऊ जुलाब म्हणजे ॲडमिट करायची केस होती ती.

आणि तिसरा प्रकार केमोचा नाहीच, तो खुद्द आजाराचा. संडास तेलकट, फिकट, भयंकर वास, पाण्यावर तरंगते आणि दोनदा पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहते. तसं आहे का बघा. असेल तर परत लिहा, त्याचं औषध वेगळं.

ताप हा दुसरा मोठा विषय. १००.४ फॅरनहाइट. हा आकडा फ्रीजवर चिकटवा, आईला पाठ करून घ्यायला सांगा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा एवढा ताप म्हणजे तासाभरात हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजेनात. आधी क्रोसिन देऊन "उतरतोय का बघू" हे करू नका, ताप उतरलेला दिसतो आणि इन्फेक्शन आत चालूच राहतं. पंप काढल्यावर पेशी वाढवायचं इंजेक्शन देत असतील तर कंबर, मांड्या दुखतात, त्याला घाबरू नका.

एक वही करा. केमोचा दिवस म्हणजे दिवस १, तिथून मोजायचं, तारखेने नाही. रोज ताप, संडास किती आणि कशी, काय खाल्लं, बोटं कशी, दर आठवड्याला वजन. दिवस कळला की डॉक्टरला अर्धं निदान तिथेच होतं. आणि वही बोलते, पेशंटने बोलायची गरज नाही.

---

सातपूरकर

सिस्टरला +१. तापावरून आमचं सांगतो. आईला दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप, अक्षरशः खाट हलत होती. आम्हाला वाटलं पेशी कमी झाल्या. एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, तिथल्या पोराने पॅरासिटामॉलचं सलाईन लावून रात्री बाराला घरी पाठवलं, म्हणे व्हायरल आहे. पहाटे चारला परत, बीपी खाली. मोठ्या डॉक्टरांनी डोळे बघितले आणि विचारलं स्टेंट कधी टाकला होता. प्लास्टिकचा होता, तीन महिने होत आले होते, तुंबला होता. पित्तात पू. नवीन टाकला तेव्हा ताप गेला.

तर प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबायला लागतो, मेटलचा जास्त टिकतो. अण्णांचा कुठला आहे ते आजच फाइलमध्ये बघा आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. थंडी भरून ताप, परत पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी संडास यातलं काही आलं की पहिलं वाक्य हेच बोलायचं, "केमो चालू आहे आणि पित्तनळीत स्टेंट आहे". कॅज्युअल्टीत दुसरं काही बोलायच्या आधी. त्या पोराला आम्ही हे सांगितलंच नव्हतं, आमचीही चूक आहे. त्याने विचारलं नाही ही त्याची.

---

निफाडची_लेक

काल रात्री सगळं मोठ्याने वाचलं, आई पण ऐकत होती. सिस्टर, तुमचा तिसरा प्रकार वाचला आणि आई म्हणाली "हेच, अगदी हेच". तेलकट, तरंगणारी. म्हणजे त्या नऊतले निम्मे तरी हे असणार. फाइल काढली तर त्यात पॅन्क्रिएटिन २५००० च्या कॅप्सूल लिहिलेल्या आहेत पहिल्या दिवसापासून! अण्णा घेतात पण जेवण झाल्यावर, चहाबरोबर, दिवसातून एकच. कोणी नीट सांगितलंच नाही आम्हाला, किंवा सांगितलं असेल आणि त्या दिवशी डोक्यात शिरलं नसेल.

स्टेंट मेटलचा आहे. हुश्श.

---

रात्रपाळीवाली

मग निम्मा उलगडा झाला. स्वादुपिंडातून अन्न पचवायचा रस येतो तो गाठीमुळे आतड्यात पोचत नाही, मग तूप, तेल, शेंगदाणे सगळं जसंच्या तसं बाहेर. माणूस खातो आणि तरी वाळतो. ही कॅप्सूल म्हणजे तो रस. तो अन्नात मिसळायला पाहिजे, म्हणून पहिल्या घासाबरोबर घ्यायची, मोठं जेवण असेल तर एक सुरुवातीला एक मध्ये. चावायची नाही, गरम चहाबरोबर तर नाहीच, उष्णतेने मरते ती. साधारण जेवणाला ४० ते ५० हजार युनिट म्हणजे तुमच्या दोन कॅप्सूल, आणि दूध, लाडू असं मधलं खाणं असेल तेव्हा एक, इथून सुरू करतात आणि संडास बघून वाढवतात. डॉक्टरांना विचारून घ्या. नुसत्या कोऱ्या चहाला किंवा फळाला लागत नाही.

---

मेतकूट_भात

मी आहारतज्ज्ञ आहे, कॉलेज रोडला बसते. कॅप्सूल नीट सुरू झाली की तेलतूप बंद करू नका ही कळकळीची विनंती. नातेवाईक येऊन सांगतात पचत नाही ना, मग उकडलेलं द्या, आणि माणूस अजून खंगतो. जेवण तीनदा भरपूर नाही, सहासात वेळा मूठमूठ. मऊ भात मेतकूट आणि वर साजूक तूप, नाचणीची पेज, सातूचं पीठ, मुगाचं धिरडं, पनीर भुर्जी, शेंगदाण्याचा कूट घातलेलं काहीही. जुलाबाच्या दिवसांत मात्र दूध, कच्ची कोशिंबीर, मिरचीचा ठेचा बंद, तांदळाची पेज आणि केळं, ताक थोडं जमत असेल तर. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बदला, लाकडी वापरा, जेवायच्या आधी मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चूळ. तोंड आलं तरी हीच चूळ, दिवसातून चारपाच वेळा. नेटवर तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळा असं वाचाल, ते अण्णांसाठी नाही, ऑक्सॅलीप्लॅटिनवाल्याने बर्फ तोंडात घ्यायचा नाही.

शुगर बघताय ना? स्वादुपिंड बिघडलं की शुगर बऱ्याचदा वाढते आणि केमोबरोबर उलटीसाठी डेक्सा (स्टेरॉइड) देतात त्याने पहिले दोनतीन दिवस अजून चढते.

---

निफाडची_लेक

एक अडचण आहे, कोणाला सांगावी कळत नव्हतं म्हणून इथेच लिहिते. ती कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात असं मेडिकलवाल्याने बोलता बोलता सांगितलं. अण्णा माळकरी आहेत. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा चालतो पण अंडं कधी आलं नाही. आता दिवसाला सहासात कॅप्सूल करायच्या म्हणजे... सांगायचं का नाही? भाऊ म्हणतो गप बस, औषध आहे. मला झोप येत नाही.

---

जुनं_नाशिक

ताई, आमच्याकडे अब्बूंना हाच आजार होता, आणि हाच प्रश्न, आमच्यात तर तुमच्यापेक्षा कडक. आम्ही मौलानांना विचारलं. ते म्हणाले दुसरा पर्याय नाही आणि जिवाचा सवाल आहे, घ्या. पण आम्ही अब्बूंना सांगून विचारलं होतं. लपवून दिलं असतं आणि नंतर कळलं असतं तर त्यांनी आमच्या हातचं पाणीसुद्धा प्यायलं नसतं.

---

टाळकरी

मी स्वतः माळकरी, पंढरीची वारी पायी करतो. लपवू नका. माणूस आजारी आहे म्हणून त्याच्या माळेचा निर्णय लेकरांनी घ्यायचा नसतो. त्यांचे कोणी महाराज असतील, ज्यांच्या हातून माळ घातली, त्यांना फोन लावून द्या. बहुतेक ते औषध घे म्हणूनच सांगतील.

---

आजीचा_बटवा

एवढं विष शरीरात घालण्यापेक्षा पपईच्या पानांचा रस, गुळवेल आणि गोमूत्र चालू करा. माझ्या मामेसासऱ्यांना फरक पडला होता. डॉक्टर हे सांगणार नाहीत कारण त्यांचं दुकान बंद होईल.

---

कडू_कारलं

मामेसासरे आता कसे आहेत?

---

आजीचा_बटवा

ते वारले, पण त्रास न होता.

---

रात्रपाळीवाली

काकू, चिडून नाही सांगत. गुळवेलाने लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात. अण्णांच्या लिव्हरवर आधीच आजार आहे आणि इरिनोटेकान लिव्हरमधूनच निपटलं जातं. ते तिथे अडकलं की पेशी पडतात, जुलाब वाढतात, आणि मग आम्ही शोधत बसतो की एवढं का झालं. काय घेताय ते निदान सांगा तरी, आम्ही ओरडत नाही. रस्त्यावरचा उसाचा रस, कच्चे मोड, उघडी चटणी हेही पेशी कमी असताना नको.

---

कडू_कारलं

मी जरा कडूच बोलतो, नावच आहे. माझे वडील याच आजाराने गेले. फॉलफिरिनॉक्सचा जो मूळ फ्रान्सचा अभ्यास २०११ ला आला त्यात मध्यक आयुष्य ११.१ महिने होतं, आधीच्या जेमसिटाबिनवाल्यांचं ६.८. म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, निम्मे कमी. हे बरं करायचं औषध नाही, वेळ मिळवायचं आहे. हे इथे लिहायला नको असं काहींना वाटेल पण अण्णा जे लपवतायत त्याचा यातूनच उलगडा होतो. त्यांना वाटतंय डोस कमी म्हणजे दिवस कमी. तसं नाहीये. मॉडिफाइड म्हणजे मुळातच थोडा कमी केलेला. पुढे बोटं बधिर झाली की ऑक्सॅलीप्लॅटिन थांबवून बाकीचं चालू ठेवतात, हे रोज होतं. उलट जुलाबाने किडनी बसली किंवा तापाने आयसीयूत गेले की तीन आठवडे केमोच होत नाही. आमच्या बाबांच्या अशा दोन केमो गेल्या, "एकदम ओके" पायी.

आणि ते "खा, खा" जरा कमी करा घरात. आम्ही बाबांच्या मागे ताट घेऊन फिरायचो. शेवटी ते मला म्हणाले, तू आलास की मला भीती वाटते.

---

सिन्नर_फाटा

थोडं अवांतर पण कामाचं. एक पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय तर "गाडीत बसून सुजला" म्हणून तेल चोळू नका. या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या जास्त होतात, आमच्या काकांना मुंबईहून आल्यावर झालं, डॉपलरमध्ये (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) निघालं, पोटात टोचायची इंजेक्शनं. अचानक दम लागला तर गुठळी फुप्फुसात गेली असू शकते, थांबायचं नाही.

उलटीसाठी आमच्याकडे रात्री ओलांझापिनची छोटी गोळी दिली होती, झोप पण लागली आणि भूकही. नेटवर बघितलं तर मानसिक आजाराची गोळी, घरात हलकल्लोळ. पण पाँडिचेरीच्या जिपमर हॉस्पिटलने २०२३ मध्ये पोटाच्या, स्वादुपिंड-लिव्हरच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर २.५ मिलिग्रॅमचा अभ्यास छापलाय, भूक आणि वजन दोन्ही सुधारलं. विचारून बघा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बघितलं का? कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. केमो त्यात बसते, हॉस्पिटल योजनेत पाहिजे. बाकी औषधं गोळे कॉलनीत होलसेलला विचारा, बराच फरक पडतो.

---

गोदाकाठी

पाठदुखी नाही लिहिलीत तुम्ही. असेल आणि अण्णा सांगत नसतील. हिला पोटातून आरपार पाठीत दुखायचं, पुढे वाकून बसली की बरं वाटायचं. मॉर्फिन लिहून दिलं तर मीच घाबरलो, म्हटलं शेवट आला का. तसं काही नसतं, ती गोळी घेऊन ती नातवाला शाळेत सोडायला जायची. फक्त बद्धकोष्ठ होतंच, पोट साफ व्हायचं औषध पहिल्या गोळीपासूनच. पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं कमी करतात तेही असतं, आम्हाला उशिरा कळलं.

---

निफाडची_लेक

पाच दिवसांनी लिहितेय, सॉरी. चौथी केमो झाली.

आधी माळेचं. मी अण्णांना सांगितलं, सगळं, डुकराचं आहे म्हणून. ते बराच वेळ बोललेच नाहीत, अंगणात गवतावर बसून काडीने जमीन उकरत होते. मग विचारलं, "डॉक्टरला माहितीय का मी माळकरी हाय?" म्हटलं हो, फाइलवर शाकाहारी लिहिलंय. म्हणाले, "मग पाप त्याच्या डोक्यावर." आणि दोन कॅप्सूल घेतल्या, पिठलं भाताबरोबर. संध्याकाळी महाराजांना फोनही केला, काय बोलले ते सांगितलं नाही, पण रात्रीच्या जेवणाला कॅप्सूल स्वतः मागून घेतली. तेलकट संडास चौथ्या दिवशी थांबली. वजन ५७.४. चारशे ग्रॅमचा एवढा आनंद मला माझ्या पोरीच्या वजनाचाही झाला नव्हता.

वही मी डॉक्टरांसमोर ठेवली. अण्णा माझ्याकडे असे बघत होते की जशी मी घरचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर केला. डॉक्टरांनी पान उलटलं, "जुलाब नऊ वेळा" हे वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले काका, द्राक्षावर फवारणी करताना उन्हाने पानं करपली तर पुढच्या वेळी औषधाचं प्रमाण कमी करता का फवारणीच बंद करता? अण्णा म्हणाले प्रमाण कमी करतो, येड्यासारखं बंद कोण करील. "मग?" म्हणाले डॉक्टर. इरिनोटेकान थोडं कमी केलंय, ऑक्सॅलीप्लॅटिन या वेळी तेवढंच. बटणाची परीक्षा दर वेळी घेणार आहेत. पाठदुखी विचारली, ती पण निघाली, दीड महिन्यापासून होती!! गोदाकाठी दादा, तुमचे पाय धरायला हवेत.

या वेळी पंप असताना फ्रीजला दोरी बांधली होती 😀

---

रात्रपाळीवाली

डॉक्टर कोण आहेत ते मला साधारण कळलं, पण लिहीत नाही. या वेळी सातवा ते चौदावा दिवस गावी असतील तर थर्मामीटर डिजिटलच न्या, आणि निफाडहून रात्री गाडी कोण काढणार ते आत्ताच ठरवून ठेवा. ऐन वेळी पोरं लग्नाला गेलेली असतात.

---

निफाडची_लेक

ठरलं. शेजारचा तोच वायरमन येणार आहे, त्याची इको आहे. अण्णांनी स्वतः जाऊन सांगितलं त्याला, माफी वगैरे नाही, नुसतं "रात्री फोन आला तर उचल".

आजची वही फोटोवरून लिहिते, अण्णांच्या अक्षरात आहे: "दिवस ६. ताप ९८. संडास २, बरी. पेज, दोन धिरडी. पहाटे कॉक धरला, फडकं गुंडाळून. करंट थोडा."

फडकं ओलं होतं हो तिथे पाण्याजवळ. शेतात घालण्यासारखे, आतून लोकरीचे आणि वरून रबराचे हातमोजे नाशिकमध्ये कुठे मिळतील? लोकरीचे आणले होते ते बायकी आहेत म्हणून ठेवून दिले त्यांनी.

---

सातपूरकर

कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्यांचे असतात तसे, अंबड किंवा सातपूर एमआयडीसीच्या सेफ्टी साहित्याच्या दुकानात बघा. मोठा साइज घ्या, आतून पातळ सुती मोजा बसला पाहिजे. उद्या सुट्टी आहे मला, मिळाले तर आणून ठेवतो, इंदिरानगर वाटेवरच आहे. व्यनि (खाजगी निरोप) करा.